मुंबईचा सागरकाठ : सायकलवरून घेतलेला भूगोलाचा पाठ

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या इंदूर शहरातून जाणाऱ्या ए. बी. रोडवरून तुमच्यापैकी कित्येकजण रोज शाळेत येतात. त्या नावातील 'ए' म्हणजे आग्रा आणि 'बी' म्हणजे बॉम्बे, अर्थात मुंबई, हे तुम्हांस ठाऊक असेलच. गेल्या वर्षी सातवीच्या वर्गात भूगोलाचा धडा चालू असता एका मुलाने उभे राहून विचारले, "सर, हा रस्ता मुंबईला जातो, मग पुढे समुद्र आला की संपतो का?" वर्ग हसला. मीही हसलो, आणि "मुंबई सात बेटांची मिळून झाली आहे" एवढे एक वाक्य फळ्यावर लिहून पुढच्या धड्याकडे वळलो.

परंतु तो प्रश्न मनातून गेला नाही. माझी मातृभाषा कोकणी. माझे बालपण गोव्याच्या किनाऱ्यावर गेले. समुद्र कोठे सुरू होतो असे कोणी विचारावे आणि मला नीट सांगता येऊ नये, याची मला रुखरुख लागून राहिली. सात बेटांचे वाक्य मी वर्षानुवर्षे शिकवीत आलो होतो. परंतु बेटे कोठे संपली आणि समुद्र कोठे भरला गेला, हे मी डोळ्यांनी कधी पाहिलेच नव्हते. म्हणून या थंडीच्या सुट्टीत अवंतिका एक्सप्रेसने मुंबई गाठली, गिरगावात मामांच्या घरी उतरलो, मामेभावाची जुनी सायकल मागून घेतली आणि कुलाब्यापासून वरळीपर्यंत समुद्राच्या काठाकाठाने फिरून आलो. त्या फेरीत जे उमगले, ते येथे सांगावयाचे आहे.

प्रथम थोडा इतिहास. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही ती सात बेटे. इ. स. १६६१ मध्ये पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन हिचा इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशी विवाह ठरला, त्या करारात पोर्तुगीजांनी मुंबई आंदण म्हणून दिली. पुढे १६६८ मध्ये राजाने ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला अवघ्या १० पौंड खंडाने देऊन टाकली. त्या वेळी या बेटांच्या मधून समुद्राचे पाणी खेळत असे. भरतीच्या वेळी दोन बेटांमधील सखल भाग पाण्याखाली जाई आणि ओहोटीच्या वेळी तेथे चिखल उरे. या दलदलीने रोगराई माजे; तापाने माणसे पटापट मरत. एका बेटावरून दुसऱ्यावर जावयाचे तर होडी हवी, नाही तर ओहोटीची वाट पाहावयास हवी.

तेव्हा पाण्याच्या या वाटा बुजवून बेटे सांधावी, असे ठरत गेले. वरळी आणि मुंबई या बेटांमधील मोठे खिंडार गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याच्या कारकिर्दीत, १७८४ च्या सुमारास, बांध घालून बंद झाले. १८३८ मध्ये कुलाब्याचा रस्ता झाला. १८४५ मध्ये माहीम व वांद्रे यांना जोडणारा बांध खुला झाला. अशा रीतीने दोनशे वर्षांत सात बेटांची एक सलग भूमी झाली.

आता सायकलीविषयी. पायी चालणाऱ्याला अंतर फार वाटते आणि मोटारीत बसलेल्याला चढउतार कळत नाही. भूगोल शिकण्यास सायकलीसारखे दुसरे साधन नाही. कारण जमिनीचा प्रत्येक उंचवटा ती आपल्या पायांना कळविते. याच मुंबईतून १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले होते. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे ती पुरी करून मार्च १९२८ मध्ये परतले. त्यांच्या पराक्रमापुढे माझी वीस किलोमीटरांच्या आतली वाट म्हणजे अंगणातली फेरीच होय!

निघण्यापूर्वी एक गोष्ट पाहावी लागते. ती म्हणजे तिथी. समुद्राची भरती-ओहोटी चंद्राच्या आकर्षणाने होते, हे तुम्ही शिकला आहात. चोवीस तासांहून थोड्या अधिक काळात ती दोनदा येते. आमच्याकडे कोकणीत ओहोटीला 'सुकती' म्हणतात. पाणी सुकून गेल्यासारखे मागे सरते, म्हणून हे नाव मला फार समर्पक वाटते. भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब किनाऱ्यावरील लोकांस पाठ असतो : तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, जो आकडा येईल त्या तासाच्या सुमारास भरती पुरी होते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा येते. प्रत्यक्षात मुंबईस ती बारा-साडेबाराच्या आसपास होते. असा तासाभराचा फरक का पडतो? चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो आणि आपण हिशेबात पाऊण तास, म्हणजे ४५ मिनिटेच, धरतो. दर दिवशीची ही पाच मिनिटे साचत साचत पंधरा दिवसांत सव्वा तास होतात. चूक कोठून येते हे कळले की जुना हिशेबही किती शहाणपणाचा होता, हे ध्यानात येते. घरी भिंतीवरचे पंचांग पाहून तुम्ही इंदुरात बसल्या बसल्या मुंबईच्या समुद्राची वेळ सांगू शकाल.

मी निघालो तो दिवस पौष पौर्णिमेचा होता. पौर्णिमेस व अमावास्येस चंद्र आणि सूर्य यांचे बळ एकत्र होते, म्हणून उधाणाची भरती येते. उलट अष्टमीच्या सुमारास येते ती भांगाची. उधाणाच्या दिवसांत भरती व ओहोटी यांच्या पातळीत मुंबईस चार मीटरांहूनही अधिक फरक पडू शकतो. त्या दिवशी पहाटे सहा-साडेसहाला पाणी अगदी मागे असणार आणि दुपारी भरणार, हे मी आधीच ताडून ठेवले होते. जाताना ओहोटी आणि येताना भरती, अशी दोन्ही रूपे पाहावीत हा हेतू.

पहाटेच्या अंधारात कुलाब्यास ससून डॉकपाशी पोहोचलो. १८७५ मध्ये सुरू झालेल्या या गोदीत त्या वेळी मासळीचा बाजार ऐन रंगात होता. टोपल्या, बर्फ, पाटीवाल्यांचे आवाज आणि ओल्या मासळीचा वास यांनी मला क्षणभर माझ्या गावी नेले. तेथून निघून कुलाब्याच्या रस्त्याने उत्तरेकडे वळलो. आज शहीद भगतसिंग मार्ग म्हणून ओळखला जाणारा हा दुकानांनी गजबजलेला रस्ता एके काळी पाण्यातला बांध होता, असे सांगितल्यास कोणाचा विश्वास बसणार नाही. परंतु माझी सायकल साक्ष देत होती. पॅडलवर जोर म्हणून द्यावा लागत नव्हता; रस्ता पाटासारखा सपाट होता.

नरिमन पॉइंटला वळसा घेऊन मरीन ड्राइव्हवर आलो, तेव्हा पूर्व उजळू लागली होती आणि समोर मलबार टेकडीच्या माथ्यावर पौर्णिमेचा चंद्र मावळतीस टेकला होता. सुमारे साडेतीन किलोमीटरांचा हा धनुष्याकृती रस्ता; याचे आजचे नाव नेताजी सुभाषचंद्र बोस मार्ग. जमिनीवरून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे अंगाला गार लागत होते. कठड्यापलीकडे ओहोटीमुळे काँक्रीटचे चार पायांचे टेट्रापॉड पायथ्यापर्यंत उघडे पडले होते. हा आकार १९५० मध्ये फ्रान्समध्ये शोधून काढण्यात आला. अखंड भिंतीवर लाट सगळ्या बळानिशी आपटते. पण एकमेकांत गुंतलेल्या या ठोकळ्यांच्या फटींतून पाणी शिरते, वाटले जाते आणि लाटेचा जोर तेथेच जिरतो.

हा सारा सुंदर रस्ता समुद्रातून काढलेला आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले आणि त्या पैशाच्या धुंदीत बॅक बेचा समुद्र भरून काढण्याच्या कंपन्या निघाल्या. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले व त्या कंपन्याही बुडाल्या. त्यानंतर कितीतरी वर्षे समुद्राचा काठ आगगाडीच्या रुळांपाशी होता. चर्चगेट, मरीन लाइन्स, चर्नी रोड ही स्टेशने आज शहराच्या आत वाटतात. परंतु त्यांच्या पश्चिमेस तेव्हा लाटा होत्या. हायकोर्टाच्या व विद्यापीठाच्या जुन्या इमारती ओव्हल मैदानाच्या पूर्वेस उभ्या आहेत. त्यांच्यासमोर मैदान, रूळ आणि पलीकडे समुद्र असा देखावा होता. मैदानाच्या पश्चिमेकडील घरे १९३० नंतरची, भर घातलेल्या जमिनीवरची. दोन काळांच्या या दोन ओळींना २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा मान दिला.

१९२० नंतर सरकारने स्वतः ही भर घालण्याचे काम अंगावर घेतले. खर्च भरमसाट वाढला, काम रेंगाळले. तेव्हा खुर्शेद फ्रामजी नरिमन या तरुण वकिलाने त्यातील गैरकारभार उघड केला. त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला; त्यातून ते निर्दोष सुटले. पुढे त्याच भरावाच्या टोकाला त्यांचे नाव मिळाले. ज्याने जाब विचारला त्याचेच नाव त्या भूमीला लाभावे, ही मुंबईच्या इतिहासातील मोठी शिकवण आहे.

गिरगाव चौपाटीवर थोडा थांबलो. १९२० च्या ऑगस्ट महिन्याच्या पहिल्या तारखेस लोकमान्य टिळकांचा अंत्यसंस्कार याच वाळूत झाला. त्यांच्या पुतळ्यास वंदन करून पुढे निघालो, आणि सायकलीने एकाएकी आपला स्वभाव बदलला. वाळकेश्वरचा चढ सुरू झाला होता. इतका वेळ आपोआप धावणारे चाक आता जड झाले. मी सीटवरून उठून उभ्याने पॅडल मारू लागलो आणि अखेर तीन बत्तीच्या वर उतरून सायकल हाताने ढकलू लागलो. धापा टाकीत असतानाच माझ्या मनात उजेड पडला : हीच ती जुन्या मुंबई बेटाची टेकडी! जेथे पाय थकतात तेथे बेट, आणि जेथे चाक आपोआप धावते तेथे पूर्वीचा समुद्र. कुलाब्यापासून चौपाटीपर्यंतचा बहुतेक मार्ग मी माणसाने घातलेल्या भरावावरून आलो होतो. निसर्गाने केलेल्या टेकडीवर आता प्रथमच पाय ठेवीत होतो. जे वाक्य मी इतकी वर्षे फळ्यावर लिहीत आलो, ते माझ्या पोटऱ्यांनी मला समजावून दिले.

टेकडीच्या पायथ्याशी, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर बाणगंगेचे गोड्या पाण्याचे तळे आहे. श्रीरामाने बाण मारून हे पाणी काढले, अशी आख्यायिका सांगतात. तेथील काळा दगड मी हात लावून पाहिला. मुलांनो, हा दगड आपल्याला परका नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थरांवर थर पसरले, त्यांतून दख्खनचे पठार झाले आणि आपल्या माळव्याची भूमीही झाली. आपल्याकडील शेतांची काळी माती आणि मलबार टेकडीचा काळा खडक हे एकाच कुळातले. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच आहे आणि ही टेकडी पन्नासएक मीटर. पण रक्ताचे नाते तेच.

बाळासाहेब खेर मार्गाने माथ्यावरून केम्प्स कॉर्नरला उतरलो आणि भुलाभाई देसाई मार्गाने महालक्ष्मीकडे निघालो. पुन्हा थोडे चढउतार, पुन्हा बेटाची खूण. महालक्ष्मीचे देऊळ मागे टाकून उतार संपला की हाजी अलीच्या चौकात रस्ता एकदम सपाट होतो. हाच हॉर्नबीचा बांध. आजचा लाला लजपतराय मार्ग. याच ठिकाणी समुद्र आत घुसून परळ-माझगावपर्यंतचा सखल प्रदेश बुडवीत असे. बांधाचे काम वारंवार ढासळू लागले, तेव्हा रामजी शिवजी प्रभू या कारागिराला स्वप्नात देवीने दृष्टांत दिला, तिची मूर्ती समुद्रातून निघाली आणि मग बांध टिकला, अशी कथा आहे. कथेतील श्रद्धा ज्याची त्याने मानावी. परंतु त्या काळी, यंत्रे नसताना, भरतीच्या लोंढ्यापुढे दगड टिकवून धरणे किती कठीण होते, एवढे ती कथा निश्चित सांगते.

येथे मला एक नवल दिसले. दोन शतकांहून अधिक काळ हा रस्ता समुद्राच्या कडेचा रस्ता होता. आज मात्र त्याच्या आणि समुद्राच्या मध्ये आणखी एक रस्ता उभा आहे. तो म्हणजे मुंबईचा नवा सागरी किनारा मार्ग. ऑक्टोबर २०१८ मध्ये काम सुरू होऊन मार्च २०२४ मध्ये त्याचा पहिला भाग खुला झाला. धर्मवीर स्वराज्यरक्षक छत्रपती संभाजी महाराजांचे नाव त्याला दिले आहे. मरीन ड्राइव्हपासून वरळीपर्यंत १०.५८ किलोमीटर लांबीचा हा मार्ग मलबार टेकडीखालून दोन किलोमीटरांहून लांब अशा जुळ्या बोगद्यांतून जातो. ज्या टेकडीने माझी दमछाक केली, तिच्या पोटातून मोटारी दोन-तीन मिनिटांत पार होतात! त्यासाठी सुमारे १११ हेक्टर समुद्र भरून काढावा लागला. किनाऱ्यावरील काही प्रवाळांच्या वसाहती २०२० मध्ये उचलून दुसरीकडे बसवाव्या लागल्या. हे काम जुलै २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या निर्णयाने थांबले होते आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिल्यावर पुन्हा सुरू झाले. काठ पुढे सरकला. तो असाच पूर्वीही सरकत आला आहे.

वरळीच्या सागरकाठावरून, लाटांचा खारा तुषार अंगावर घेत, वरळी कोळीवाड्याशी पोहोचलो. तेथे छोटासा किल्ला आहे. समोर वांद्र्याकडे जाणारा, २००९ च्या जून महिन्यात खुला झालेला सागरी सेतू दिसतो. अंगणात एक वृद्ध तांडेल जाळे दुरुस्त करीत बसले होते. मी मालवा प्रांतातून आलो आहे आणि मुलांना समुद्र शिकवितो, असे म्हणताच त्यांनी बाजूला बसण्यास जागा करून दिली.

"काका, समुद्र पूर्वीसारखाच आहे का?" मी विचारले.

"समुद्र तोच आहे, गुरुजी," ते म्हणाले. "पण तुम्ही त्याला रस्त्यावरून बघता, आम्ही पाण्यातून बघतो. तुमचा एक रस्ता बंद झाला तर तुम्ही दुसऱ्या रस्त्याने जाल. आम्हांला बाहेर जायची वाट एकच."

नव्या मार्गाला सागरी सेतूशी जोडणाऱ्या पुलाचे खांब नेमके त्या वाटेत येणार होते. खांबांमधील अंतर प्रथम ६० मीटर योजले होते. वारा आणि लाटा यांच्या जोरात होडी सरळ राहत नाही. अरुंद जागेत ती खांबावर आदळेल, अशी कोळी बांधवांची भीती होती. त्यांनी काम अडविले, पुष्कळ दिवस विनवण्या आणि आंदोलने केली. अखेर आराखडा बदलून ते अंतर १२० मीटर करण्यात आले. त्यांची मागणी याहून मोठ्या अंतराची होती. तरी पाण्याची वाट जाणणाऱ्यांचे म्हणणे ऐकले गेले, हे महत्त्वाचे. खांब कोठे असावा, हे पुस्तकातून जितके कळते तितकेच होडीतूनही कळते.

मला माझ्या सायकलीची आठवण झाली. या नव्या वेगवान मार्गावर सायकलीस मज्जाव आहे. दुचाकी व तीनचाकी मोटारींनाही तेथे जाता येत नाही. सागरी सेतूचीही तीच गोष्ट. वेगात धावणाऱ्या मोटारींत सायकल सुरक्षित नाही, हे खरे. तेव्हा या बंदीबद्दल मी रागावलो नाही. परंतु समुद्र भरून केलेली भूमी साऱ्या शहराची असते आणि शहरातील पुष्कळ लोकांपाशी मोटार नसते, हेही तितकेच खरे आहे. सुदैवाने या मार्गाच्या कडेने सुमारे साडेसात किलोमीटरांचा रुंद पदपथ आखलेला असून त्यात सायकलींसाठीही पट्टी योजलेली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याचा मोठा भाग लोकांस खुला झाला. परत येताना त्याच्या एका तुकड्यावर सायकल हाताने धरून मी चाललो. आजोबांचे बोट धरून चालणारी नातवंडे, काठीच्या आधाराने येणाऱ्या आजीबाई, डबा उघडून बसलेले कामकरी असे नाना लोक तेथे समुद्राकडे तोंड करून बसले होते. कठड्यापाशी बसण्यास पैसा लागत नाही. मरीन ड्राइव्हची खरी श्रीमंती हीच आहे, आणि नव्या काठाची किंमतही याच मापाने ठरेल असे मला वाटले.

साडेअकराच्या सुमारास पुन्हा हाजी अलीशी आलो. आता समुद्रावरून खारे वारे सुटले होते. सकाळी जेथे ओले खडक आणि शेवाळ दिसले, तेथे पाणी चढले होते. १४३१ पासून समुद्रात उभ्या असलेल्या त्या दर्ग्याकडे जाणाऱ्या वाटेवरून लाटा वाहू लागल्या होत्या आणि भाविक घाईघाईने परतत होते. काही तासांनी पाणी उतरेल, वाट मोकळी होईल, लोक पुन्हा जातील. या वाटेने समुद्राशी भांडण केले नाही; दिवसातून काही काळ ती त्याला देऊन टाकते.

बुजविलेल्या वाटांचे मात्र तसे नाही. पाणी आपली वाट विसरत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. इंदुरात साऱ्या वर्षात जेवढा पाऊस पडतो, जवळजवळ तेवढा एका दिवसात! त्यातच समुद्रास भरती आली. मिठी नदी माहीमच्या खाडीतून समुद्रास मिळते. पण खाडी आकसलेली, काठ भरून आलेले, समोरून भरतीचे पाणी. शहर बुडाले आणि शेकडो माणसे दगावली. आजही मोठ्या पावसात हिंदमातेसारख्या सखल भागांत पाणी साचते. त्या सखलपणाचे कारण शोधू गेल्यास आपण बेटांमधील जुन्या खाजणांपाशीच जाऊन पोहोचतो. समुद्राकडून घेतलेल्या भूमीचे ऋण असते. पंप, नाले आणि भिंती यांच्या रूपाने ते प्रत्येक पिढीला फेडीत राहावे लागते.

आणि या ऋणाशी आपला माळवाही जोडलेला आहे. माहीमचा बांध लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांनी दिलेल्या १,५७,००० रुपयांच्या देणगीतून उभा राहिला. या वाटेवर जकात घेऊ नये, एवढीच त्यांची अट होती. तत्पूर्वी खाडी ओलांडताना होड्या उलटून माणसे बुडत. थोर दानाचे हे उदाहरण आहे. परंतु जीजीभाईंच्या व्यापारी वैभवात चीनला जाणाऱ्या माळव्याच्या अफूचा मोठा वाटा होता, हेही इतिहासाने नोंदविले आहे. आपल्या काळ्या मातीतून निघालेले पीक बैलांच्या पाठीवरून मुंबईस गेले, समुद्रापलीकडे त्याने घरे उद्ध्वस्त केली आणि त्याच संपत्तीतून एक उपकारक बांधही झाला. इतिहास असा सरमिसळ असतो. त्यातील चांगले घ्यावे. पण वाईट झाकू नये.

दुपारी गिरगावात परतलो. मामींनी पुढे केलेले ताक पिऊन प्रथम सायकल पुसली आणि चेनीला तेल दिले. कारण खाऱ्या हवेत लोखंडाला फार लवकर गंज चढतो. काठाने फिरावयास तुम्ही कधी गेलात तर एवढे ध्यानात ठेवा : सुट्टीच्या दिवशी पहाटे निघावे, तिथी पाहावी, सोबत मोठे माणूस असावे, डोक्यावर शिरस्त्राण आणि सायकलीस दिवा असावा, पावसाळ्यात उधाणाच्या वेळी कठड्यावर चढू नये, आणि कोळीवाड्यात गेल्यास तेथील माणसांशी आधी बोलावे, मग पाहावे.

आता त्या सातवीतील मुलाच्या प्रश्नाचे उत्तर. बाळा, ए. बी. रोड मुंबईस पोहोचतो, परंतु समुद्र नेमका कोठे सुरू होतो याचे उत्तर दर शतकास बदलत आले आहे. कधी तो परळच्या पायथ्याशी होता, कधी आगगाडीच्या रुळांपाशी, कधी मरीन ड्राइव्हच्या कठड्याशी. आता तो नव्या रस्त्याच्या पलीकडे आहे. आणि खरे पाहता त्याचे एक टोक आपल्या घरापर्यंत आले आहे. आपली कान्ह नदी क्षिप्रेस, क्षिप्रा चंबळेस मिळते आणि ते पाणी यमुना-गंगेतून पूर्वेच्या समुद्रास जाते. परंतु आपल्या घरच्या नळास येणारे नर्मदेचे पाणी पश्चिमेच्या, म्हणजे मुंबईच्याच सागराकडे निघालेले असते. ते वाटेत अडवून आपण पितो. तेव्हा सकाळी पाण्याचा पेला हाती घेशील, त्या वेळी समुद्र फार दूर आहे असे मानू नकोस.

तू प्रश्न विचारलास तेव्हा मी हसलो, त्याबद्दल मला क्षमा कर. त्या एका प्रश्नाने तुझ्या शिक्षकाला पुन्हा विद्यार्थी केले.